'तू आहेसच की घरी'

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, काढून टाकू शाळेतून, घरीच शिकवू, तू आहेसच की घरी. दोन वर्षांनी पुण्याला परतायचाही विचार आहे.

ताई, पत्रात मला सगळ्यात खटकलं ते हेच, 'तू आहेसच की घरी'. मी माझ्या मुलाला एक वर्ष घरी शिकवलंय. साडेदहाला अपूर्णांक, पावणेअकराला कुकरची शिट्टी, अकराला तो टेबलाखाली आणि मी रडकुंडीला. पोळीचे चार तुकडे करून 'पाव' शिकवला आणि दोघांनी मिळून अख्खं गणित तुपाबरोबर खाल्लं, तो दिवस अजून आठवतो. पण असे दिवस वर्षातून मोजून पाच-दहा. बाकी नुसती हमाली, आणि तीही एकाच माणसाची. तेव्हा आधी अहोंना विचारा: गणित तुम्ही घेणार का, आठवड्यातून किती दिवस, किती वाजता? 'बघू' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा.

कायद्याची आडकाठी नाही. अमेरिकेत 50 च्या 50 राज्यांत होमस्कूलिंग चालतं. (जर्मनीतल्या वाचकांनी हे स्वतःला लावून घेऊ नये, तिथे मुलाला शाळेत घालावंच लागतं.) न्यू जर्सीत शिक्षण शाळेच्या तोडीचं हवं, एवढंच म्हणणं. फक्त नाव काढताना शाळेला लेखी कळवा, नाहीतर गैरहजेरीचे फोन सुरू होतील. डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात घर घेतलंत तर मात्र दरवर्षी प्रतिज्ञापत्र, 180 दिवस किंवा ठरावीक तास शिकवल्याची नोंद, मुलीच्या कामाची फाइल, ती तपासणारा मूल्यमापक आणि तिसरी-पाचवी-आठवीत प्रमाणित चाचणी.

वाचूनच कंटाळा आला ना? पण ती फाइल तुम्ही एडिसनमध्येही ठेवा. तिथे कोणी काही विचारत नाही, म्हणजे तुमच्या हातात कागदही काही येत नाही, आणि पुण्यातली शाळा आधी दाखला मागणार. भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात वयानुसार वर्ग देण्याची तरतूद आहे खरी, पण खासगी शाळेच्या ऑफिसात उभं राहून कायदा वाचून दाखवायची हौस कोणाला असते!

आणि हो, पोटदुखी. पहिल्यांदा डॉक्टर, मग वर्गशिक्षिका आणि शाळेतली समुपदेशक. बसमध्ये कोणाशेजारी बसते, डबा कोणाबरोबर खाते, तो उघडल्यावर कोणी नाक मुरडतं का, हे विचारा. तेवढ्यावरून शाळा सोडायची नसते. बहुतेक वेळा जागा बदलली तरी भागतं.

तरीही घरी शिकवायचं मनाने घेतलंच असेल तर जूनमध्ये शाळा सुटली की तीन आठवडे पूर्ण वेळापत्रक लावून बघा, अहोंच्या तासासकट. मग मला कळवा, ते संध्याकाळी साडेसहाला खरंच टेबलावर येऊन बसतात का.