वाळवंटातील तळ्याकाठी घर घ्यावे का?

प्रश्न : मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक आहे. मुलगा आणि सून गेली अकरा वर्षे लॉस एंजेलिसजवळ नोकरी करतात. तेथून सुमारे १९० किलोमीटर पूर्वेला, रँचो मिराज या वाळवंटी गावात डिस्ने या मनोरंजन कंपनीच्या नावाने ‘कोटिनो’ ही वसाहत उभी राहत असून तेथे घर घेण्याचे मुलाच्या मनात आहे. मध्यभागी निळे तळे, वाळूचा किनारा, क्लब, ज्येष्ठांसाठी वेगळा विभाग असे सगळे तेथे असल्याचे तो सांगतो. ‘तुम्ही दोघे वर्षातले सहा महिने इथेच राहा’ असा त्याचा आग्रह आहे, आणि पहिल्या हप्त्यात भर म्हणून मी छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरातला प्लॉट विकावा अशी अपेक्षाही आहे. सौभाग्यवतींना चित्रफितीतली जागा फार आवडली. मला मात्र हे प्रकरण नीटसे उमगत नाही. निर्णय कसा घ्यावा?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या सौभाग्यवतींना ही जागा आवडली यात भाबडेपणा काही नाही. मुलाकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना विचारले, तर तक्रार बहुधा एकच असते : सकाळी आठला मुले गाडी काढून निघून जातात, आपल्याला गाडी येत नाही, पायी जावे असे जवळपास काही नसते आणि दिवसभर बोलायला माणूस मिळत नाही. ज्यांचे आयुष्य योगेश्वरीच्या देवळात, पारावर आणि शेजारच्या ओट्यावर गेले, त्यांना घराबाहेर पडताच माणसे दिसतील अशी वस्ती हवीशी वाटणारच. अशा वसाहतींचे खरे आकर्षण तळ्यात नसून या आयत्या शेजारात असते, आणि विकणाऱ्यांनाही ते पक्के ठाऊक असते. मात्र तो शेजार, ते नाव आणि ते घर या तीन गोष्टी एकाच खरेदीखतात मिळत नाहीत.

कोटिनोची घोषणा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. सुमारे ६१८ एकर जमीन, त्यात २४ एकरांचे तळे आणि सुमारे १,९०० घरे अशी ती योजना आहे. जमीन विकसित करणारी कंपनी वेगळी आहे, घरे बांधणारे बिल्डर वेगळे आहेत, आणि डिस्ने स्वतः घरे बांधतही नाही आणि विकतही नाही. तिच्याकडून येते ते नाव, कल्पनाचित्र आणि क्लबचे व्यवस्थापन. क्लबचे सदस्यत्व ऐच्छिक असून त्याची वार्षिक वर्गणी वेगळी द्यावी लागते. म्हणजे चित्रफितीत जे हसरे जग दिसते, त्याचा मोठा भाग क्लबच्या दाराआत आहे, घराच्या किमतीत नाही. आपल्याकडे सातबारा पाहिल्याशिवाय आपण इसाराचे पैसे देत नाही. तसे येथे मुलाने खरेदीचा करार, रहिवासी संघटनेची नियमावली आणि क्लबचा करार असे तीन कागद वेगवेगळे मागवावेत. डिस्नेचे नाव किती वर्षांसाठी आहे आणि ते काढून घेतले गेले तर घरमालकाच्या हाती काय उरते, याचे उत्तर त्यांतच शोधावे लागेल.

ही शंका हवेतली नाही. फ्लोरिडात डिस्ने कंपनीनेच ‘सेलिब्रेशन’ नावाचे गाव वसवले आणि १९९६ मध्ये तेथे पहिली कुटुंबे राहायला आली. पुढे २००४ मध्ये कंपनीने गावाचा मध्यवर्ती भाग एका गुंतवणूकदार कंपनीला विकून टाकला, आणि २०१६ मध्ये तेथील काही सदनिकाधारक गळती व रखडलेल्या दुरुस्तीच्या तक्रारी घेऊन न्यायालयात गेले. गाव आजही नांदते आहे, घरांना मागणीही आहे. परंतु ज्या नावाच्या भरवशावर लोक आले होते, ते नाव गावच्या चौकातून तोवर निघून गेले होते. वाळवंटातल्या या जागेशी कंपनीचे संस्थापक वॉल्ट डिस्ने यांचा जुना संबंध होता, असे जाहिरातीत आवर्जून सांगितले जाते, आणि ते खरेही आहे : जवळच्या पाम स्प्रिंग्स येथे त्यांचे सुटीतले घर होते. मात्र डिस्नेलँड हे मनोरंजन-उद्यान उभारण्यासाठी पैसे कमी पडू लागले तेव्हा त्यांनी ते विकले. पुढे त्यांनी तेथे दुसरे घर केले हे खरे, पण आधी काम आणि मग तळ्याकाठचा आराम हा त्यांचा क्रम आपल्या मुलालाही सांगण्यासारखा आहे.

आता उन्हाविषयी. आपल्याकडचे लोक बहुधा चैत्र-वैशाखाचे ऊन चुकवायला अमेरिकेत जातात आणि दिवाळीला परततात. रँचो मिराजच्या भागात हाच काळ सर्वांत कडक असतो. पाम स्प्रिंग्सचे जुलैमधले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते, आणि ५ जुलै २०२४ रोजी तेथे ५१ अंशांहून अधिक विक्रमी नोंद झाली. आपल्याला ४२ अंशांची सवय आहे हे मान्य. परंतु तेथे जून ते सप्टेंबर हे चारही महिने तसेच जातात, मृगाचा पाऊस येऊन सुटका करीत नाही. तेव्हा तेथे राहायचे तर कार्तिकानंतर जावे आणि शिमग्याला परतावे, म्हणजे आपले इथले गुलाबी दिवस सोडून जावे, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंतच राहता येते आणि तो मुक्काम प्रवेशाच्या वेळी तेथील अधिकारी ठरवतात. ‘दरवर्षी सहा महिने’ हे गृहीत धरून घर घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

तळ्याच्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाइतका कोणाला कळेल? रँचो मिराज ज्या कोचेला खोऱ्यात आहे, तेथे वर्षाला १०० ते १२५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी वर्षातही बालाघाटावर त्याहून बराच अधिक पडतो. तेथे भूजल उपसले जाते आणि त्याची तूट कालव्याने आलेल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्याने भरली जाते. ही नदी सात राज्ये आणि मेक्सिको यांच्यात वाटलेली आहे. वाटपाचा मूळ करार १९२२ चा असून नदीत सरासरीने येते त्याहून अधिक पाणी त्यात कागदावर वाटले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर इतिहासात प्रथमच टंचाई अधिकृतपणे जाहीर झाली. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, हा वाद आपण दरवर्षी वाचतो. तेथेही तोच वाद आहे, फक्त आकडे मोठे आणि वकील महाग.

त्याच खोऱ्याच्या खालच्या टोकाला सॉल्टन सरोवर आहे. १९०५ मध्ये कालवा फुटून कोलोरॅडोचे पाणी सखल भागात शिरले आणि ते तयार झाले. १९५० आणि १९६० च्या दशकांत त्याच्या काठी प्लॉट पाडले गेले, हॉटेले निघाली, नौकाविहार सुरू झाला. पुढे पाणी खारट होत गेले, मासे मेले, पर्यटक ओसरले आणि कित्येक प्लॉट ओसाडच राहिले. या सरोवरावरून वर्षाला साधारण पावणेदोन मीटर पाण्याची वाफ होते. तोच दर २४ एकरांच्या तळ्याला लावला, तर वर्षाकाठी सुमारे १७ कोटी लिटर पाणी उडेल, असा माझा ढोबळ हिशेब आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला येणारी ५० टाक्यांची रेल्वे एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी आणीत असे. म्हणजे केवळ बाष्पीभवनाची भरपाई करायला अशा जवळपास ७० खेपा लागतील. तरी न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या खोऱ्यात शंभराहून अधिक गोल्फ मैदाने आहेत, खजुराच्या आणि द्राक्षांच्या बागा आहेत, आणि त्यांच्यापुढे हे तळे लहानच आहे. ते उद्या आटेल असे मी म्हणत नाही. पाणी महागले तर त्याचा भार कोणावर पडेल, रहिवासी संघटनेवर, क्लबवर की कंपनीवर, एवढेच नियमावलीत पाहावे, कारण आडात नसेल तर पोहरा कितीही सुंदर असून चालत नाही.

पैशाचे बोलायचे तर तेथील घरे दहा लाख डॉलरांच्या वर, म्हणजे आपल्या साडेआठ-नऊ कोटी रुपयांपुढे जातात. कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्का असून त्यावर स्थानिक आकारणी येते. म्हणजे कर्जाचा हप्ता, संघटनेचा मेंटेनन्स आणि क्लबची वर्गणी सोडून वर्षाला दहा हजार डॉलर तरी नुसत्या करापोटी जातील. भारतातून पैसे पाठवण्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरांची मर्यादा आहे, तेव्हा वाट मोकळी आहे. पण पैसे दिले तर खरेदीखतात आपले नाव असणार की ती मुलाला भेट असणार, हे आधी कागदावर ठरवा. माझे स्पष्ट मत असे आहे की प्लॉट विकू नये. मुलाला स्वतःच्या ऐपतीवर ते घर घेता येत असेल तर त्याने जरूर घ्यावे, आणि त्याआधी ऑगस्ट महिन्यात त्याच खोऱ्यात पंधरा दिवस भाड्याने राहून पाहावे.

राहता राहिला सौभाग्यवतींच्या आवडीचा प्रश्न. त्यांना नेमके काय आवडले, हे एकदा सवडीने विचारा. तळे आवडले असेल, तर डिसेंबरात चार दिवस जाऊन ते पाहता येईल. चालत जाऊन भेटावीत अशी माणसे आवडली असतील, तर लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला आर्टेशिया नावाचे गाव आहे. तेथील पायोनियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर भारतीय किराणा, मिठाई आणि कापडाची दुकाने ओळीने आहेत आणि समुद्र फार दूर नसल्याने उन्हाळाही बराच सौम्य असतो. मुलाने त्या बाजूला घर पाहिले आहे का, हे त्याला आजच विचारा.