टेक्सासचा चेक, जर्सीचं खातं: 'रीजन' वेगळा म्हणून पैसे अडकतात का?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही टेक्सासमधल्या डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात. जुन्या घरमालकाने डिपॉझिटचे १,८५० डॉलर चेकने परत पाठवले. तो चेक तुम्ही मंगळवारी रात्री तुमच्या नव्या बँकेच्या एटीएममध्ये भरलात. खातं उघडून जेमतेम बारा दिवस झालेत. बँकेने दहा दिवसांनंतरची तारीख दिली आहे आणि एक तारखेचं भाडं तोंडावर आलंय. रूममेटचं म्हणणं असं की चेक दुसऱ्या 'चेक प्रोसेसिंग रीजन'मधला आहे, त्यामुळे पाच दिवस लागणारच, कायदाच तसा आहे.

रूममेटने सांगितलेला कायदा खराच होता, पण तो २६ फेब्रुवारी २०१० पर्यंत. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या अमेरिकेचा मिळून एकच रीजन आहे. टेक्सासचा चेक जर्सीत 'लोकल'च, म्हणजे त्याच रीजनमधलाच, धरला जातो. तुमचे पैसे अडकलेत ते खातं नवीन आहे म्हणून. त्याबद्दल पुढे लिहितेच, पण आधी ही रीजनची भानगड काय होती ते सांगते. जुनी माहिती अजून इतकी फिरते की दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जर्सीतल्या एका छोट्या बँकेत प्रूफ ऑपरेटर होते. दिवसभरात काउंटरवर आलेले चेक संध्याकाळी आमच्या टेबलावर यायचे. प्रत्येक चेकची रक्कम वाचायची आणि मशीनवर टाइप करायची, की ती चेकच्या तळाशी उजवीकडे चुंबकीय शाईत उमटायची. मग गठ्ठे बांधून बेरजेचा कागद लावायचा. त्या गठ्ठ्याला 'कॅश लेटर' म्हणायचे. कुरिअरची गाडी ठरलेल्या वेळेला दारात यायची आणि ती चुकली तर त्या दिवसाचे चेक एक दिवस मागे पडायचे. गठ्ठा फेडच्या (फेडरल रिझर्व्ह, अमेरिकेची मध्यवर्ती बँक) केंद्रात जायचा, तिथे छाननी व्हायची आणि लांबचे चेक रात्रीच्या विमानाने दुसऱ्या केंद्राकडे रवाना व्हायचे. चेक म्हणजे तेव्हा खरोखर प्रवास करणारा कागद होता. पैसे कधी मिळणार हे तो कागद कुठून कुठे जायचाय त्यावर ठरायचं.

आता तुमचा चेक हातात घ्या, किंवा त्याचा फोटो बघा. तळाशी डावीकडे नऊ आकडे आहेत, तो राउटिंग नंबर. पहिले दोन आकडे फेडरल रिझर्व्हच्या बारा जिल्ह्यांचे: ०१ बोस्टन, ०२ न्यूयॉर्क, ०३ फिलाडेल्फिया, ०४ क्लीव्हलँड, ११ डॅलस, १२ सॅन फ्रान्सिस्को. बचत-कर्जवाल्या संस्थांच्या आकड्यात वीस मिळवलेले असायचे, म्हणून २१ ते ३२ हेही दिसतात. पहिल्या चार आकड्यांवरून कळायचं की चेक कोणत्या रीजनचा आहे. आमच्या भिंतीवर त्या चार आकड्यांची यादी लावलेली होती. सहा महिन्यांत ती मला तोंडपाठ झाली.

लोकांना वाटतं रीजन म्हणजे राज्य. तसं कधीच नव्हतं. फेडच्या एका छाननी केंद्राच्या हद्दीत येणारा भाग म्हणजे एक रीजन. न्यू जर्सीच्या २१ काउंट्यांपैकी उत्तरेकडच्या १२ न्यूयॉर्क फेडच्या जिल्ह्यात, तर दक्षिणेकडच्या ९ फिलाडेल्फियाच्या. एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणून न्यूयॉर्ककडे. ट्रेंटन मर्सर काउंटीत, म्हणून फिलाडेल्फियाकडे. त्यामुळे एडिसनच्या गिऱ्हाइकाला नदीपलीकडच्या मॅनहॅटनचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला चेक 'लोकल' आणि स्वतःच्याच राज्याच्या राजधानीतल्या बँकेचा चेक 'नॉनलोकल'. काउंटरवर हे समजावताना फार जड जायचं. माणूस म्हणायचा, "अहो, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे ती बँक!" त्याचं खरंच होतं, पण चेक त्याच्या गाडीने जात नव्हता.

फरक किती पडायचा? १९८७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. त्याआधी बँका चेकचे पैसे मनाला येईल तितके दिवस दाबून ठेवत आणि त्या मुदतीत ते वापरत, अशी लोकांची तक्रार होती. या कायद्याखाली फेडने 'रेग्युलेशन सीसी' ही नियमावली आणली. १९९० पासून लागू झालेल्या वेळापत्रकात लोकल चेकला जास्तीत जास्त दोन आणि नॉनलोकलला पाच कामकाजाचे दिवस होते. रूममेटचे पाच दिवस ते हेच.

ही व्यवस्था मोडली ती कागदाचा प्रवास थांबल्यामुळे. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर होती आणि चेकचे गठ्ठे जागच्या जागी पडून राहिले. देशाचा पैसा विमानाच्या पोटातून फिरतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ऑक्टोबर २००३ मध्ये 'चेक २१' कायद्यावर सही झाली आणि वर्षाने तो लागू झाला. मूळ कागदाऐवजी चेकच्या प्रतिमेवरून छापलेली प्रत कायदेशीर ठरली, त्यामुळे बँका एकमेकींना थेट प्रतिमाच पाठवू लागल्या. छाननीच्या केंद्रांना कामच उरलं नाही. २००३ साली फेडची अशी ४५ केंद्रं होती. ती एकेक करून बंद होत गेली, शेवटी अटलांटाचं काम क्लीव्हलँडला गेलं आणि २७ फेब्रुवारी २०१० पासून क्लीव्हलँड हे एकच उरलं. केंद्र एक म्हणून रीजन एक आणि रीजन एक म्हणून नॉनलोकल चेक शून्य. वेगळा नियम करून भेदभाव काढावा लागला नाही, भेद करायला जागाच राहिली नाही.

भूगोल अगदीच पुसला गेला असं मात्र नाही. हवाई, अलास्का, पोर्तो रिको अशा ठिकाणच्या बँकेत बाहेरचा चेक भरला तर बँक एक दिवस जादा घेऊ शकते.

आता तुमचं खातं. खातं जुनं असतं तर हिशोब असा झाला असता: एटीएममध्ये मंगळवारी रात्री भरलेला चेक बुधवारचा धरतात. गुरुवारी पहिले २७५ डॉलर (१ जुलै २०२५ पासूनचा आकडा, त्याआधी २२५) आणि शुक्रवारी बाकीचे. सगळी रक्कम रोख काढायची असेल तर आणखी एक दिवस धरून चाला. शनिवार, रविवार आणि फेडच्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत.

पण खात्याचे पहिले ३० दिवस कायद्याने वेगळे काढले आहेत. त्या काळात काउंटरवरचा रोख भरणा, वायर (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पाठवलेले पैसे) आणि पगाराचं डायरेक्ट डिपॉझिट यांना लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाची हमी आहे. सरकारी चेक, कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या खात्यावर काढलेला चेक) वगैरेंना ठरावीक रकमेपर्यंत आहे. घरमालकाच्या साध्या चेकला मात्र कसलीच मुदत नाही, २७५ डॉलरसुद्धा लागू नाहीत. बँक स्वतःच्या धोरणाप्रमाणे दिवस ठरवते. खातं उघडताना दिलेल्या कागदांत 'फंड्स अव्हेलेबिलिटी पॉलिसी' नावाचं पान असेल, त्यात हे लिहिलेलं सापडेल. म्हणजे बँकेने नियम मोडलेला नाही. हे ऐकायला बरं वाटणार नाही याची मला कल्पना आहे, पण चुकीच्या मुद्द्यावर भांडायला गेलात तर तुमचाच दिवस जाईल.

शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा. फोनवर बोलून फारसं होत नाही. घराच्या कराराची प्रत आणि डिपॉझिट परत केल्याचं घरमालकाचं पत्र किंवा ईमेल सोबत न्या. "होल्ड (म्हणजे पैसे अडवून ठेवणं) थोडा आधी उठवता येईल का?" असं सरळ विचारा. तो अधिकार शाखेकडे असतो आणि चेक कशाचा आहे हे पटलं की पुष्कळदा ऐकतात. मी स्वतः असे होल्ड उठवून घेतले आहेत. पगार अजून डायरेक्ट डिपॉझिटवर टाकला नसेल तर आजच टाका, भाड्याची सोय त्यातून सगळ्यात लवकर होईल. नव्या घरमालकाला होल्डची पावती दाखवून चार दिवस मागून घ्यायलाही लाजू नका.

तीस दिवस उलटल्यावरसुद्धा होल्ड लागू शकतो. एका दिवसात ६,७२५ डॉलरच्या वर चेक भरले, परत आलेला चेक पुन्हा भरला, खातं वारंवार उणे गेलं किंवा चेक वटणार नाही असा बँकेला सकारण संशय आला, तर साधारण सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत. तेव्हा मात्र बँकेला लेखी कारण आणि तारीख द्यावी लागते. ती नोटीस मागून घ्या. फोनवरून फोटो काढून भरलेल्या चेकला हे वेळापत्रक लागू नाही असं बँका धरून चालतात आणि आपले नियम लावतात. म्हणून मोठा चेक असेल तर तो काउंटरवरच द्यावा, असं माझं मत आहे.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. आपल्या मराठीत 'चेक वटला' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ पक्का आहे: समोरच्याच्या खात्यातून पैसे निघून माझ्याकडे आले. अमेरिकेतल्या बँकेच्या ॲपवर 'अव्हेलेबल' दिसतं त्याचा अर्थ वटला असा नाही. कायद्याने ठरवलेला दिवस आला म्हणून बँकेने पैसे वापरायला दिले, एवढाच तो अर्थ. चेक खोटा निघाला तर आठवड्याने, पंधरवड्यानेसुद्धा बँक ती रक्कम तुमच्या खात्यातून परत वळती करते. पुण्याहून शिकायला आलेला एक मुलगा माझ्यासमोर रडलेला मी पाहिला आहे. त्याने जुनं टेबल विकायला काढलं होतं. घेणाऱ्याने जास्त रकमेचा कॅशियर्स चेक पाठवला आणि "उरलेले पैसे हमालांना पाठव" म्हणाला. दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे दिसले, याने लगेच पाठवून दिले. नवव्या दिवशी चेक खोटा म्हणून परत आला. हमालांना पाठवलेले पैसे कुणीच परत देणार नव्हतं आणि बँकेचं देणं त्याच्या डोक्यावर बसलं. रीजनच्या काळात फसवणारे मुद्दाम लांबच्या फेडचे आकडे छापायचे, म्हणजे चेक भटकत राहायचा आणि त्यांना पळायला वेळ मिळायचा. आता ते 'अव्हेलेबल' या एका शब्दाचा फायदा घेतात. अनोळखी माणसाचा चेक असेल तर काउंटरवर "अव्हेलेबल झाला का?" असं विचारू नका. "देणाऱ्या बँकेने पैसे दिले का?" असं विचारा.

रूममेटला दोष देऊ नका. आपल्या मनात 'बाहेरगावचा चेक' ही कल्पना घरूनच पक्की बसलेली असते. वसुलीला पाठवलेल्या चेकसाठी भारतात राज्यांच्या राजधान्यांना ७, मोठ्या शहरांना १० आणि बाकी गावांना १४ दिवस अशी कमाल मुदत होती. मग सीटीएस, म्हणजे कागदाऐवजी चेकची प्रतिमा पाठवून तो वटवायची पद्धत, आलं: २००८ मध्ये दिल्ली, २०११ मध्ये चेन्नई, २०१३ मध्ये मुंबई. मुंबईच्या ग्रिडमध्ये, म्हणजे चेक एकत्र वटवायच्या विभागात, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, म्हणून अहमदाबादचा चेक सांगलीत स्थानिकच धरला जाऊ लागला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये आलेल्या चेकचा निकाल देणाऱ्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत द्यावा लागतो. तिथे आधी निकाल लागतो आणि मग पैसे मिळतात. इथे पैसे आधी दिसतात, निकाल मागून येतो.

आईवडील भारतातल्या खात्याचा रुपयांतला चेक पाठवणार असतील तर त्यांना थांबवा. त्याला वरचं काहीही लागू होत नाही. तो वसुलीसाठी परत भारतात जातो आणि त्यात कित्येक आठवडे मोडतात. त्यापेक्षा बँकेतून सरळ वायर करायला सांगा.

तुमच्या होल्डच्या पावतीवर नेमकी कोणती तारीख आहे आणि कारणाच्या जागी काय छापलंय ते इथे लिहा. खाते क्रमांक आणि नाव झाकून. मॅनेजरशी काय बोलायचं ते मी त्यावरून आणखी नीट सांगू शकेन.