लेखा विभागाचा विश्वास कसा मिळवावा

तुम्ही नुकतेच ईआरपी, म्हणजे कंपनीचे हिशेब, खरेदी-विक्री आणि साठा एकत्र सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीच्या, प्रकल्पावर रुजू झाला आहात, म्हणून सर्वांत आधी एवढेच सुचवतो की, गरजांची यादी ईमेलवर मागवण्यापूर्वी महिनाअखेरीचे दोन दिवस लेखा विभागात बसून काढा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा आम्ही एका कारखान्यासाठी बिलाचा नमुना वेळेत बदलून दिला आणि काम मार्गी लागले असे समजलो. परंतु परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा (ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा दाखवणारी कागदपत्रे) जुन्याच करआकारणीने निघत होत्या, आणि हे आम्हाला कळले ते तिथल्या ज्येष्ठ लेखापाल बाईंनी वहीत हाताने मांडलेल्या बेरजांवरून. ती वही त्यांनी लपवली नव्हती. आम्हीच कधी विचारले नव्हते.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. चूक आढळली की ती आपणच आधी कळवायची आणि कोणत्या बिलांवर परिणाम झाला, दुरुस्ती केव्हा होईल, हे त्याच निरोपात सांगायचे. तारखा मात्र त्यांच्या कामाकडे पाहून ठरवा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ या विक्रीचा तपशील देणाऱ्या विवरणपत्रासाठी साधारणपणे पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत मुदत असते, त्यामुळे १० तारखेला नवी आवृत्ती चढवण्याचा आग्रह धरणारा माणूस त्यांच्या मनातून उतरतो. चाचणीसाठीही काल्पनिक आकडे न घेता, त्यांच्या परवानगीने मागील महिन्याचीच बिले घ्या आणि प्रत्येक बेरीज त्यांच्या शेजारी बसून ताडून पाहा.