७२० किलोमीटर नको, तीन गावं पुरेत

प्रश्न: बाई, नमस्कार. आम्ही दिग्रस तालुक्यातले शेतकरी. पऱ्हाटी उपटून झाली, वखरवाही आटोपत आली. मृगाआधी आठवडाभर घर सोडता येईल. लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि खरं म्हणजे घरात कोणीच पाहिलेला नाही. घरची बोलेरो आहे, चालवणारे मी आणि धाकटा भाऊ. सोबत आई, बायको आणि दोन लेकरं. अलिबागपासून गोव्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जायचं मनात आहे. सात दिवसांत होईल का? आई माळकरी आहे, तिचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. ती म्हणते, "समुद्र पाहून मी काय करू? त्यापरीस मले पंढरपूरले ने." तिचंही मन राखायचं आहे.
— एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, सात दिवसांत होणार नाही, आणि होत असतं तरी मी जा म्हटलं नसतं. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरचा. कागदावर सातानं भागला की रोजचे शंभर येतात, आणि आपल्याकडे शंभर किलोमीटर म्हणजे दोन तासांचं काम. तिकडे तसं नसतं. सागरी मार्ग रेवसपासून रेडीपर्यंत जातो, पण दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. रस्ता डोंगर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. तासाला तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. मग सगळा दिवस गाडीत जातो, लेकरं वळणांनी ओकून बेजार होतात, आई मागच्या सीटवर गुडघे धरून बसते आणि समुद्र नुसता खिडकीतून दिसत राहतो. घरातल्या सगळ्यांचा हा पहिला समुद्र आहे. तो पायाला लागला पाहिजे.

म्हणून तीनच गावं धरा: हरिहरेश्वर, दापोलीजवळचं मुरूड आणि गुहागर. पहिल्या दोन ठिकाणी दोन-दोन रात्री, गुहागरला एक. सातऐवजी आठ दिवस काढा, शनिवारी निघून पुढच्या शनिवारी परत. त्यात आईचं पंढरपूरही बसतं. ते शेवटी सांगते.

तारीख अक्षय्य तृतीयेनंतरची धरा, पण २० मेच्या आत घरी परतता येईल अशी. मे संपत आला की समुद्र खवळायला लागतो, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, आणि १ जून ते ३१ जुलै तर यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते. हापूसही तोवर संपत आलेला असतो. शनिवारी निघायला सांगते त्याला कारण आहे. रविवारी संध्याकाळी तुम्ही किनाऱ्यावर पोचाल तेव्हा पुण्या-मुंबईची गर्दी परत फिरलेली असेल. खोली निवांत मिळेल, दरही उतरलेले असतील.

दिग्रसहून मानोरामार्गे कारंजा लाड गाठा आणि तिथून समृद्धी महामार्गावर चढा. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आहे. पहिला मुक्काम शिर्डीत करा. शनिवारची गर्दी असते, खोली आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून आमणे, मग पनवेल, माणगाव आणि श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची परवानगी आहे, तुम्ही मात्र ऐंशीवर ठेवा. पांदणीच्या रस्त्यानं काट्याकुट्यांत फिरलेले टायर मे महिन्याच्या तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास पळवले की फुटतात. निघायच्या आठ दिवस आधी चारही टायर आणि स्टेपनी टायरवाल्याला दाखवा. बाजूच्या रबराला चिरा पडल्या असतील तर नवे घाला. यात पैसे वाचवू नका. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. पहाटे चारला घर सोडा आणि दोघा भावांनी दर दोन तासांनी जागा बदला. त्या सरळ रस्त्यावर डोळे उघडे असतानाही माणसाला गुंगी येते.

आता समुद्राचं. भरती दिवसातून दोनदा येते, ओहोटी दोनदा, आणि त्यांची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. कोकणातली माणसं ती तिथीवरून काढतात, आणि तिथी तर आपल्या घरात रोज पाहिली जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उलटं होतं. भरती दुपारी बाराच्या मागेपुढे, ओहोटी सकाळ-संध्याकाळ. उन्हाळ्यात तुम्ही वाळूवर उतरणार सकाळी नाहीतर संध्याकाळीच. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचे दिवस धरलेत तर लेकरांना नेमक्या त्या वेळी लांबलचक ओली वाळू मिळेल. शिंपले, खेकड्यांची बिळं, वाळूवर त्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी, सगळं दिसेल. मात्र उधाणाचं पाणीही त्याच दिवसांत सगळ्यांत वर चढतं. म्हणून पक्की वेळ मुक्कामाच्या घरी रोज विचारून घ्या.

पाण्यात उतरायचं ते भरती येत असताना. ओहोटी लागली की कोणीही उतरायचं नाही, कारण मागे फिरणारं पाणी माणसाला आत ओढतं. तुमचा भाऊ विहिरीत सूर मारत असेल, अरुणावतीच्या पाण्यात पोहत असेल, तरी त्यालाही सांगा: गुडघ्याच्या वर पाणी नको. विहिरीचं पाणी एका जागी असतं. इथे पायाखालची वाळूच सरकते, आणि पोहता येणाऱ्याचाच अंदाज चुकतो. दुसरं, बोलेरो वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक दिसते, चाक फिरलं की रुततं, आणि भरती तुमच्या ट्रॅक्टरची वाट पाहत नाही. हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेची वाट खडकांवर उतरते. ती फक्त ओहोटीला, गुरवांना किंवा तिथल्या दुकानदारांना विचारूनच करा. तिथून माणसं लाटेनं ओढली गेलेली आहेत. आईला पायऱ्या उतरवू नका, ती देवळातच बसेल.

मंगळवारी सकाळी हरिहरेश्वर सोडलं की बागमांडल्याला फेरीबोट. सावित्रीची खाडी ओलांडून ती गाडीसकट तुम्हाला वेश्वीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरवते. दहा-पंधरा मिनिटांचाच प्रवास, पण लेकरं घरी आल्यावर सगळ्यांत जास्त याच्याबद्दल बोलतील. बोटीवरचा माणूस सांगेल तशी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सगळे खाली उतरा. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा बोटीचा पुढचा लोखंडी पत्रा साखळ्यांनी वर उचलला गेला, तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. बोट मधोमध आल्यावर मात्र हात सुटला. कनवटीचं नाणं काढून त्यांनी पाण्यात टाकलं आणि हात जोडले, मेहकरला पैनगंगेच्या पुलावरून जाताना टाकतात तसंच. मग मला विचारलं, "ही जाते कुठं?" मी पश्चिमेकडे बोट केलं, तिथे खाडीचं तोंड उघडत होतं आणि पलीकडे काहीच नव्हतं. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. तुमच्या आईला गाडीत बसवून ठेवू नका. कठड्याला धरून उभं करा.

वेश्वीहून केळशीवरून आंजर्ले. तिथल्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, गुडघ्यांना त्रास नाही. पुढे हर्णैला सकाळ-संध्याकाळ मासळीचा लिलाव होतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. लेकरांना आवर्जून दाखवा. आईला वास सोसवणार नाही, तिला आधी मुरूडच्या मुक्कामी सोडा. गुरुवारी दाभोळहून धोपाव्याला दुसरी फेरीबोट, ही वाशिष्ठीवरची, आणि मग गुहागर. तिथे व्याडेश्वराचं देऊळ गावातच आहे आणि त्याच्या मागे चालत गेलं की समुद्र. कासवांसाठी वेळासला जावं का, असं लेकरं विचारतील. पिल्लं समुद्रात जाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मेमध्ये आशा दाखवू नका.

हवेबद्दल आपल्याकडच्या माणसाची हमखास फसगत होते. आपण ४५ अंशांत राहतो, तिकडे ३३-३४, म्हणजे थंडच असणार, असं वाटतं. पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम येतो तसा सुकतो आणि अंग गार पडतं. किनाऱ्यावर हवेतच पाणी भरलेलं, घाम सुकतच नाही. कूलरही त्याच कारणानं तिथे निकामी, कारण तो पाणी उडून जाण्यावरच चालतो. आईसाठी रात्री एसीची खोली घ्या, ही उधळपट्टी नाही. दुपारी अकरा ते चार कोणालाही बाहेर काढू नका. तिची गोळी आणि तिला मीठ-पाणी किती चालतं, हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

खाण्याची चिंता सोडा. हरिहरेश्वर, मुरूड, गुहागर तिन्हीकडे घरगुती शाकाहारी जेवण मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर सकाळीच सांगून ठेवा. सोलकढी, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, आमरस. आपल्या जिभेला ते गोडसर लागेल, म्हणून ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. ज्वारीची भाकर मिळणार नाही, तांदळाची मिळेल, आणि ती गरम असताना फार चांगली लागते. डिझेल श्रीवर्धनला आणि दापोलीला भरून घ्या, मधल्या गावांत पंप कमी. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतरताना, ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका.

आता पंढरपूर. शुक्रवारी सकाळी गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, कराड आणि संध्याकाळी पंढरपूर. एकादशीचा दिवस येत नाही ना, एवढं पाहून घ्या. शनिवारी पहाटे तिथून सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, उमरखेड. आर्णीला वळलं की दिग्रस आलंच. दिवस लांबचा आहे, पण रस्ता चांगला आहे. आईला आजच सांगा, आधी समुद्र आणि मग विठोबा. घरी पोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं स्वच्छ धुऊन घ्या, खारं पाणी पत्रा खातं.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र, बारावीची परीक्षा झाली. वाशिमहून मोटारसायकलनं समृद्धीवरून कोकणात जावं म्हणतो. घरचे नाही म्हणतात. तुम्ही सांगा.
— एक विद्यार्थी, वाशिम

उत्तर: बाळा, समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही. आणि दुसऱ्या कोणत्याही रस्त्यानं मे महिन्यात इतक्या लांब हेल्मेट घालून दिवसभर उन्हात जाणं मला मान्य नाही. घरचे बरोबर म्हणतात. पण जायला मात्र हवं. अकोल्याहून रेल्वेनं मुंबईकडे जा, तिथून कोकण रेल्वेनं चिपळूण आणि एसटीनं गुहागर. दिवसाउजेडी धावणारी गाडी पाहून तिकीट काढा, म्हणजे बोगदे आणि पूल दिसतील. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्यात लगेच भरतं, तेव्हा तिकीट काढायला आजच बसा. वडिलांना हे उत्तर दाखवा, आणि परतीचं तिकीटही आधीच काढून त्यांच्या हातात द्या.