स्विफ्टमध्ये दोन 15 इंची सबवूफर: आधी करंटचा हिशोब करा

तुम्ही विचारलंय: दोन 15 इंची सबवूफर (फक्त बेसचे, खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर), 2000 वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) अँप, म्हणजे अँप्लिफायर, गाडी स्विफ्ट, आणि दुकानदार म्हणतोय की मागची सीट पाडली की सगळं बसतं. बसेल हो. पण मी असतो तर बसवलं नसतं. का, ते सांगतो.

क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप पंचाहत्तर-ऐंशी टक्के कार्यक्षम धरला तरी 2000 वॅट बाहेर द्यायला तो आत 2600 च्या आसपास ओढतो. 13.8 व्होल्टनं भागा: 190 अँपिअर! लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारा) असतो 70 ते 90 अँपिअरचा, आणि हेडलाइट, ब्लोअर, फ्युएल पंप सगळं त्याच्यावरच. गाण्यात हा ओढा क्षणाक्षणाचा असतो हे खरं, पण बेस लांबला की व्होल्टेज पडतं, दिवे ठेक्यावर मिचमिचतात आणि बॅटरी लवकर मान टाकते. दुसरी बॅटरी लावूनही भागत नाही, कारण तिला चार्ज करणारा अल्टरनेटर तोच.

वायरीचं मात्र जीव तोडून सांगतो. माझ्या जुन्या गाडीत एका दुकानातून अँप बसवून घेतला होता. शिरवळच्या पुढे जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी कडेला घेतली, बोनेट उघडून आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं. पॉझिटिव्ह वायर इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, भोकाच्या धारेवर बसवायचं रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेनं इन्शुलेशन नखाएवढं कापलं होतं आणि आतली तार काळी पडली होती. फ्यूज होता तो मागे अँपजवळ, म्हणजे शॉर्टच्या पलीकडे, काही उपयोगाचा नाही. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. घरी येऊन ती तार सुरीनं खरवडली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. तेव्हा फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत हवा, ग्रोमेट हवं, वायर अस्सल तांब्याची हवी. बसवताना स्वतः शेजारी उभे राहून हे तपासा.

आता बॉक्स. पोर्टेड (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये एका 15 इंचीला साधारण 85 ते 115 लिटर हवा लागते, आणि स्विफ्टची अख्खी डिकी 265 लिटरच्या आसपास. त्यातून 18 मिमी एमडीएफ (लाकडी भुशाचा बोर्ड), पोर्ट म्हणजे ते भोक आणि मॅग्नेटची जागा वजा करा. जागेसाठी बॉक्स आवळला की सगळ्या गाण्यांना एकच 'बूम' ऐकू येतो. खालची स्टेपनी अडकते ती वेगळीच.

माझं मत: एकच चांगला 12 इंची सबवूफर, सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स 30 लिटरच्या आसपास, 500 वॅट आरएमएस. ओढा पूर्ण ताकदीला 47 अँपिअरच्या आसपास, 4 गेजच्या (जाडीच्या) तांब्याच्या वायरीत आरामात. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणजे 500 वरून 2000 वर जाऊन मिळणार 6. शिवाय लहान बंद केबिन खालचे सूर आपणहून उचलते. उरलेल्या पैशात डिकीच्या झाकणाला आणि नंबर प्लेटमागे डॅम्पिंग शीट (पत्र्याचा खडखडाट दाबणारी) लावा, फरक लगेच कळेल.

गेन (अँपवरचा, सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) कानानं लावू देऊ नका. सबवूफरच्या वायरी सोडवा, बेस बूस्ट बंद करा, 50 हर्ट्झचा टोन पाऊण व्हॉल्यूमवर लावा आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून अँपच्या आउटपुटला धरा. सबवूफर 2 ओहमचा (त्याचा विद्युत-रोध) असेल तर 500 वॅट म्हणजे 31.6 व्होल्ट. तिथे पोचलं की थांबा.

सबवूफरचं मॉडेल आणि डिकीच्या तोंडाची रुंदी-उंची टाका. बॉक्सची मापं मी काढून देतो, ती घेऊनच सुताराकडे जा.