कीबोर्ड बडवला की संगणक पुढे का सरकतो?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एका संगणकावर लिनक्स सुरू होताना मध्येच बराच वेळ अडून राहत असे. कोणी कंटाळून कीबोर्डच्या चार कळा दाबल्या किंवा माऊस हलवला, की काम पुढे सरके. हा निव्वळ योगायोग होता का?

उत्तर : तुमचा संगणक न पाहता छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण वर्णनावरून तो योगायोग वाटत नाही. सुरू होताना काही प्रोग्रामना माहिती सुरक्षित ठेवणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक मोठा गुप्त आकडा, लागते. ती तयार करायची तर कोणालाही आधी ओळखता येणार नाही असा आकडा लागतो, आणि दिलेली आज्ञा दर वेळी त्याच पद्धतीने पाळणाऱ्या यंत्राला असा आकडा स्वतःच्या गणितातून काढता येत नाही. तो बाहेरून मिळवावा लागतो, आणि मिळेपर्यंत काम अडून राहू शकते.

कळ दाबली गेली, डिस्कवरील वाचन संपले किंवा नेटवर्कवरून काही आले, की ते उपकरण प्रोसेसरला हातातले काम थांबवण्याचा संकेत देते. यालाच इंटरप्ट म्हणतात. तो आला त्या क्षणी प्रोसेसरच्या मोजणीयंत्रावर कोणता आकडा होता, हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला प्रोग्राम, टिपून घेतो. तुम्ही कोणती कळ दाबली याला येथे फारसे महत्त्व नाही. तीन गिगाहर्ट्झच्या मोजणीयंत्रावर एका मिलिसेकंदात तीस लाख आकडे पुढे सरकतात, त्यामुळे घड्याळ समोर ठेवून दर सेकंदाला एक कळ दाबायची असे ठरवले, तरी त्या आकड्याचे शेवटचे अंक काय येतील हे दाबणाऱ्यालाही सांगता येणार नाही. थिओडोर त्सो यांनी 1994 मध्ये लिनक्ससाठी यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणारे, आकडे पुरवणारी जी व्यवस्था लिहिली, तिचा पाया हाच. अर्थात सगळेच इंटरप्ट इतके लहरी नसतात, म्हणून कर्नल हात आखडता ठेवतो : अलीकडच्या आवृत्त्यांत साधारणपणे 64 इंटरप्टमागे अनिश्चिततेचा एक बिट जमा धरला जातो आणि असे 256 बिट जमेपर्यंत साठा पुरेसा मानला जात नाही.

तुमच्यासारखाच अनुभव 2019 मध्ये खुद्द कर्नलच्या विकासकांना आला. ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेत सुधारणा करून सुरुवातीचे डिस्क-वाचन कमी केले गेले. वाचन घटले तसे इंटरप्टही घटले, आणि यादृच्छिक आकड्यांची वाट पाहत काही संगणक सुरू होता होता अडकले. काम हलके केले म्हणून गाडी अडावी, असा हा प्रकार! लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 5.3 आवृत्तीपुरती ती सुधारणा मागे घेतली आणि 5.4 मध्ये, साठा अपुरा असेल तर प्रोसेसरच्याच वेळेतील बारीक चढउतारांतून तो भरून काढण्याची सोय केली.

अडून राहणे त्रासाचे खरे, पण न अडणे त्याहून वाईट. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंटरनेटवरील टीएलएस (संवाद गुप्त ठेवण्याची पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी 0.5 टक्के यंत्रांच्या गुप्त किल्ल्या संशोधकांना गणिताने काढता आल्या. त्यांत राउटरसारखी उपकरणे पुष्कळ होती. त्यांना ना कीबोर्ड, ना माऊस, आणि पुरेसा साठा होण्याआधीच, पहिल्यांदा सुरू होताना, त्यांनी किल्ली तयार केलेली. त्याच वर्षी लिनक्समध्ये बदल होऊन सर्वच इंटरप्टच्या वेळा टिपल्या जाऊ लागल्या.

तुमच्या संगणकावर 5.4 पूर्वीचा कर्नल असेल तर तो अद्ययावत करून घ्यावा. त्यानंतर कर्नलच्या नोंदींत ‘सीआरएनजी इनिट डन’ (crng init done), म्हणजे यादृच्छिक आकड्यांची व्यवस्था तयार झाली, ही इंग्रजी ओळ शोधावी. तिच्या डावीकडच्या कंसात संगणक सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी साठा पुरेसा झाला, ते दिलेले असते.