नॅरोबोट: प्रश्न तुमचे, मीटर माझा

इंग्लंडच्या कालव्यांवर थंडी उतरली की नॅरोबोटवाल्यांच्या, म्हणजे कालव्यांवरच्या अरुंद, लांबट बोटी बाळगणाऱ्यांच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: बॅटरी. या वेळीही तेच झालंय, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आम्ही दोघं ५७ फुटी बोटीवर बारा महिने राहतो. मरिनात, म्हणजे बोटींच्या कायमच्या तळावर, जागा नाही, त्यामुळे १४ दिवसांच्या आत पुढे सरकत राहतो. घरच्या वापराला ११० अँपिअर-अवरच्या ४ लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास इंजिन चालवतो, तरी दोन वर्षं व्हायच्या आत बॅटऱ्या बसतात. दुकानदार म्हणतो ६ लावा, शेजारची बोट म्हणते लिथियम घ्या. काय करावं? (ब्राउनस्टनजवळून एक वाचक)

उत्तर : आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या बॅटऱ्या वाईट निघत नाहीयेत, त्या उपाशी मरताहेत.

हिशोब मांडू. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ४० ते ५० अँपिअर-अवर खातो. त्यात दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप, टीव्ही धरले की दोघांचा खर्च सहज शंभराच्या घरात जातो. इंजिन सुरू केल्यावर पहिला काही वेळ अल्टरनेटर (इंजिनवरचं वीज बनवणारं यंत्र) दणकून भरतो. पण लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांवर गेली की करंट घेणं कमी कमी करत जाते. अल्टरनेटर ७० अँपिअरचा असो की १७५चा, शेवटच्या टप्प्याला कित्येक तास लागतात ते लागतातच. तुम्ही नेमक्या त्याच जागी इंजिन बंद करता, तेही रोज. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, ते कडक होत जातं, आणि ४४०ची बँक कागदावरच ४४०ची राहते. त्यात अजून २ बॅटऱ्या जोडल्या तर हौद मोठा झाला, नळ तोच राहिला.

आता मोजणी. डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर, घ्या. घेताना नीट बघा, कारण बरेचसे स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात आणि ते इथे बिनकामाचे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या मुख्य वायरवर तो लावा. व्होल्टेज १४.४च्या आसपास टिकून आहे आणि करंट बँकेच्या १ ते २ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे ४ ते ९ अँपिअरवर आलाय, तर बॅटरी भरली. बंद करताना तुम्हाला २५-३० अँपिअर दिसतील असा माझा अंदाज आहे. दुसरी खूण: सगळं बंद करून रात्रभर ठेवलेली भरलेली बॅटरी सकाळी १२.७ दाखवते. १२.२ दाखवली तर अर्धी रिकामी. त्याखाली नियमाने नेऊ नये. इंजिन बंद केल्याकेल्या दिसणाऱ्या १३वर मात्र भुलू नका, तो नुसता वरवरचा चार्ज असतो.

अजून एक जागा तपासा. इंजिनची बॅटरी आणि घरची बँक वेगळी ठेवायला तुमच्याकडे रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग)? जुन्या बोटींवर डायोडचा ॲल्युमिनियमचा पंखेदार ठोकळा असतो. तो ०.७ व्होल्ट वाटेतच खातो. अल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, १३.७ असं दिसलं, तर तुम्ही आठ तास इंजिन चालवलंत तरी बँक धड भरणार नाही. तो ठोकळा काढून व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. नव्या बॅटऱ्यांपुढे तो खर्च किरकोळ आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. रात्री ८ ते सकाळी ८ किनाऱ्याला बांधलेल्या बोटीवर इंजिन चालवू नये, हे कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या लायसन्सच्या अटींतच आहे. म्हणून दोन तुकडे करू नका. सकाळी आठलाच सुरू करा आणि सलग चालवा. छतावर ३००-४०० वॉटचं सोलर असेल तर मार्चपासून शेवटचा संथ टप्पा ऊन पुरा करेल. इंजिन फक्त पहिला जोर लावेल. डिसेंबरात सोलरच्या भरवशावर राहू नका. आठवड्यातून एकदा चांगला सात-आठ तासांचा प्रवास करा, तो बॅटऱ्यांनाही मानवतो आणि इंजिनलाही. तासन्‌तास नुसतं आयडलिंगवर ठेवलेलं डिझेल इंजिन सिलिंडरला चकाकी आणतं आणि मग तेल प्यायला लागतं. आणि किनाऱ्याला बांधलेलं असताना गिअरमध्ये टाकून चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. काठ खचतो, खुंट्या उपटतात आणि शेजारी शिव्या देतात.

लिथियमबद्दल थोडक्यात सांगते. वस्तू उत्तम आहे, अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. पण ती मिळेल तेवढा करंट ओढते. तुमचा साधा अल्टरनेटर कमी आरपीएमवर पूर्ण ताकदीने चालत राहील आणि जळेल. तिच्या बीएमएसने, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने, मध्येच जोडणी तोडली तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जातील. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (करंटला लगाम घालणारा) घालायची तयारी असेल तर जरूर घ्या. जुन्या बॅटऱ्या काढून त्याच टर्मिनलला ती जोडणार असाल तर राहू द्या.

प्रश्न : किल्ली फिरवली की नुसता 'टक्' आवाज येतो. चार-पाच वेळा फिरवली की कधीतरी इंजिन सुरू होतं. बॅटरी नवीन घातली, स्टार्टर तपासून आणला, दोन्ही ठीक. (लफबराहून)

उत्तर : बॅटरी नवीन, स्टार्टर ठीक, म्हणजे दोष दोघांच्या मधे आहे. नॅरोबोटीवर तो कुठे असतो हे बहुतेक वेळा मी बोट न बघताच सांगू शकते: पॅनेल आणि इंजिन यांच्यामधल्या वायरिंगच्या गुंडाळ्यात असलेल्या बहुपिनी प्लगमध्ये. किल्लीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत, एक बारीक वायर जाते. ती इंजिनखोलीच्या दमट हवेत त्या प्लगमधून जाते. पिन काळवंडते, व्होल्टेज वाटेतच मुरतं. सोलेनॉइड हलतो, पण जोराने बसत नाही. तोच तुमचा 'टक्'.

खात्री करून घ्या. एकाला किल्ली धरायला सांगा आणि तुम्ही मीटर लावा. आधी बॅटरीच्या खांबांवर: १२च्या वर राहिलं तर बॅटरीचा संबंध नाही, कारण स्टार्टरने करंट ओढलेलाच नाही. मग बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत. ही दुसरी मोजणी तेव्हाच बोलते जेव्हा स्टार्टर खरंच करंट ओढत असतो, म्हणून स्टार्टर इंजिन फिरवत असताना बघा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. इथला रंग बऱ्याचदा पट्टीखाली गेलेला असतो. मग सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर: इथे ८-९ दिसले की चोर सापडला. प्लग उघडून पिना साफ करा. कायमचा उपाय हवा तर इंजिनजवळ एक साधा रिले बसवा. जुनी बारीक वायर फक्त रिले चालवेल, आणि सोलेनॉइडला करंट थेट स्टार्टरच्या मोठ्या खांबावरून फ्यूजमधून मिळेल.

एक पुस्ती. बॅटरीची लाल किल्ली, म्हणजे आयसोलेटर, इंजिन चालू असताना कधीही फिरवू नका. अल्टरनेटरचे डायोड जातात. आणि पहिल्या खटक्यावर पॅनेलवरचा चार्जिंगचा दिवा लागतो ना, ते बघत जा. जुन्या पद्धतीच्या जोडणीत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला की चार्जिंग गेलं, आणि लोक अल्टरनेटर खोलून बसतात.

प्रश्न : कालव्यावर इंजिन कधी तापत नाही. ट्रेंट नदीवर प्रवाहाविरुद्ध निघालो तर वीस मिनिटांत काटा लालकडे. (नेवार्कहून)

उत्तर : कालव्यावर तुम्ही ताशी ३ मैलांनी जाता, इंजिन जेमतेम काम करतं. नदीवर त्याला खरी मेहनत पडते, आणि तिथे कूलिंगची उणीव उघडी पडते. तुमची बोट स्किन टँकवाली असणार: बोटीच्या पत्र्यालाच आतून वेल्ड केलेली चपटी टाकी, गरम कूलंट तिच्यातून फिरतो आणि बाहेरचं पाणी पत्रा थंड ठेवतं. आधी सोप्या गोष्टी बघा. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला चिंध्या किंवा प्लॅस्टिक गुंडाळलंय का, पंपाचा पट्टा सैल आहे का, थर्मोस्टॅट उघडतो का. वीड हॅचमध्ये, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचायच्या झाकणबंद भोकात, हात घालण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. नंतर झाकण घट्ट बसलंय हे बघितल्याशिवाय इंजिन सुरू नाही. ते उघडं राहून बोटी बुडाल्या आहेत.

हे सगळं ठीक असेल तर स्किन टँकवर हात ठेवा. गरम पाणी वरून येतं, म्हणजे वरची बाजू जास्त गरम लागायला हवी. तीच थंड असेल तर आत हवा अडकली आहे, आणि टाकीचा तेवढा भाग फुकट गेलाय. टाकीच्या वरच्या टोकाला हवा काढायचा स्क्रू असतो. इंजिन गार झाल्यावर तो हळूच सैल करा, बुडबुडे थांबून कूलंट आला की आवळा आणि हेडर टँक (कूलंट भरायची वरची टाकी) भरा. गरम इंजिनची कॅप उघडू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

तरीही तापलं तर टाकीच लहान आहे. ढोबळ नियम असा: ४ अश्वशक्तीला १ चौरस फूट. ४० अश्वशक्तीच्या इंजिनला १० चौरस फूट हवेत. फुटपट्टी घेऊन मोजा. कमी भरली तर दुसऱ्या बाजूला आणखी एक टाकी वेल्ड करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागेल. तोवर क्रॉमवेल लॉकच्या खाली, भरती-ओहोटीच्या ट्रेंटवर उतरू नका. उतरायचंच झालं तर नांगर साखळीसकट तयार ठेवा, सामानाखाली गाडलेला नको.

प्रश्न : मरिनात विजेच्या खांबाला बोट जोडली तेव्हापासून ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) भराभर झिजताहेत. अर्थची वायर काढून टाकली तर? (लेस्टरशायरमधून)

उत्तर : अजिबात नाही! ती वायर तुमचा जीव वाचवते. तिच्यातून शेजारच्या बोटींशी तुमचा पत्रा जोडला जातो आणि गंज तुमच्याकडे येतो, हे खरं. त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो अर्थच्या वायरमध्ये बसतो, गंजाचा बारीकसा करंट अडवतो आणि दोषाचा मोठा करंट जाऊ देतो. आणि ॲनोड मॅग्नेशियमचे आहेत ना, ते विचारून घ्या. झिंकचे खाऱ्या पाण्यात ठीक. गोड्या पाण्यात त्यांच्यावर पापुद्रा धरतो आणि ते नुसते लटकून राहतात.

प्रश्न : पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे थेंब थेंब पाणी येतं. तिथली ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारी पॅकिंगची जोडणी, किती आवळू? (स्टोक ब्रुर्नहून)

उत्तर : दिवसाचा प्रवास संपला की ग्लँडमध्ये ग्रीस ढकलणाऱ्या ग्रीसरचा दांडा फिरवा, हाताला जड लागेपर्यंत. थेंब थांबले तर आवळायची गरजच नाही. थांबले नाहीत तर दोन्ही नट सारखे, एका वेळी पाव आटा, आणि थोडा प्रवास झाला की शाफ्टला हात लावून बघा, अर्थात इंजिन बंद करून. कोमट ठीक, चटका बसला तर जास्त आवळलंत, परत सैल करा. नटांना पुढे सरकायला आटेच उरले नसतील तर पॅकिंग संपलंय. पाना ठेवून द्या आणि नवं पॅकिंग घालायला माणूस बोलवा.